लाल घ्यायची की हिरवी

विक्रोळी, कन्नमवार नगर
१२ नोव्हेंबर

धाकू,

फाडायचं असेल तर वाचून फाड. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलायस हे मला कळतं. चौथीपर्यंतच शाळेत गेले तरी फोन मला चालवता येतो. म्हणून कागद घेतला. कुंडलिक आपल्याच वाडीतला, मालवणची बस चालवतो, त्याच्याकडे देतेय. त्याला बजावलंय, घेत नाही म्हणाला तर ओटीवर ठेव आणि चालता हो, वाद घालत बसू नकोस.

मी बरी आहे. तू आणि वहिनी बरे असाल.

आता कामाचं बोलते. तुझ्या अस्मिताचा मला फोन आला होता. तिला ओरडू नकोस, आत्याला फोन करायला बापाची परवानगी लागत नाही. म्हणाली, किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला तू ती चार चाकांची बाईक घेतोयस, क्वाड म्हणतात ती. डोकं तिचं, ग्रामपंचायतीत खेटे घालून कागद तिने आणले, आणि गाडी चालवणार कोण, तर तुझ्या मेहुण्याचा सिद्धेश! का, तर पोरीने टांग टाकून बसायचं आणि गावाने बघायचं, हे तुला चालत नाही. मग तिने काय करायचं? छत्रीखाली बसून पावत्या फाडायच्या? ती मला म्हणाली, "आत्या, गाडी सिद्धेशकडे गेली तर मी गाव सोडते. तुझ्याकडे येते, मॉलमध्ये उभी राहते, पण इथे नाही राहत." ती नुसतं बोलत नाही, करते. तुलाही माहीत आहे.

माझी ना नाही, खोलीत तिला जागा आहे. पण बारा तास कपड्यांच्या घड्या घालायला तिला समुद्र सोडायला लावायचा, ह्याला अक्कल म्हणतात काय?

आणि ऐकलं की लाल की हिरवी हे ठरेना म्हणून तू कौल लावलास. देवाच्या दगडाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी लालची, डावी हिरवीची, उजवी आधी पडली, झाली लाल. अरे, देवाने कधी क्वाड चालवलीय? ज्या वस्तूचा टायर दाबून बघायचा तिचं देवाला काय विचारतोस? त्याला पण टेन्शन.

म्हणून मीच गेले. ज्याचे व्हिडिओ तू फोनवर बघतोस त्या आयात करणाऱ्याचा गाळा साकीनाक्याला आतल्या गल्लीत आहे. माझी रिक्षा बाहेर लावली, आत गेले. अनिरुद्ध नावाचा विकणारा पोरगा, शर्ट इन केलेला. मला म्हणतो, "काकी, भाडं आहे का? साहेब आत आहेत."

म्हटलं, "भाडं नाही, गिऱ्हाईक आहे. कपडा काढ गाडीवरचा."

दोन्ही चीनच्या, दोन्ही स्वस्तातल्या, किमतीत फरक म्हणावा असा नाही. लाल दिसायला मोठी. पुढे जाळी, दोन डोळे वटारलेले दिवे, बाजूला पंख काढल्यासारखं प्लास्टिक. ठोकून बघितलं, आपल्या लग्नातल्या खुर्च्यांचं प्लास्टिक. मागची चेन उघडी. समुद्राची रेती आणि खारा वारा, महिन्यात चेनीचा चिवडा होणार. सुरू करायला फक्त बटण. बॅटरी बसली की तूही बसलास. वर रिमोट दिलाय, लांबून बटण दाबलं की इंजिन बंद. म्हटलं, हे काय खेळणं आहे?

हिरवी बुटकी, बघून कोणी वळून बघणार नाही. पण चेनीवर झाकण आहे. बटणाबरोबर ओढायची दोरी आहे, बॅटरी मेली तरी गाडी चालू. टायर रुंद, हवा कमी भरायची. इंजिन लहान, पण त्याचा प्लग आणि केबल आपल्या इथल्या बाईकच्या बसतात, मी स्वतः लावून बघितली. लालचे पार्ट कुठे मिळतात विचारलं तर अनिरुद्ध म्हणतो, "ऑर्डर टाकली की येतात." कुठून येतात ते सांगेना.

आरटीओचा नंबर दोघींनाही मिळत नाही, रस्त्यावर काढायच्या नाहीत, टेम्पोतूनच न्यायच्या. हे तुला व्हिडिओवाल्याने सांगितलं नसेल.

तेव्हा हिरवी घे. आणि अस्मिताला चालवू दे. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहिल्यात, एक वाचून दुसरी सोडू नकोस.

तुझी ताई,
नलिनी


विक्रोळी
१९ नोव्हेंबर

धाकू,

कुंडलिकने निरोप दिला. "तिका सांग, रिक्षावालीचो सल्लो माका नको." बरं. पण त्याने हेपण सांगितलं की तू पत्र विहिरीपाशी उभं राहून पूर्ण वाचलंस, ओठ हलवत, आणि घडी करून खिशात घातलंस. सल्ला नको तर खिशात कशाला?

वहिनीने आमसुलं पाठवली ती पोचली. तुला माहीत नसेल, आता कळलं. तिला काही बोललास तर बघ.

रिक्षावाली म्हणालास म्हणून बोलते. माणिक गेला तेव्हा दारात त्याची रिक्षा उभी होती आणि घरात त्याची बायको. दोघींपैकी एकीने तरी चालायला हवं होतं. मी रिक्षा चालवायचा बॅज काढला. तू आईच्या वर्षश्राद्धाला चार माणसांत म्हणालास, "आमच्या घरातल्या बायका परक्या माणसांना मागे बसवून फिरवत नाहीत." मी तेव्हा जे उत्तर दिलं ते तुला झोंबलं. आजही तेच देईन. त्यावर तू आठ वर्षं तोंड फिरवलंस, मीपण आले नाही. जाऊ दे. ते माझं होतं, मी निभावलं. तेच वाक्य आता पोरीला ऐकवू नकोस.

मी परत गेले साकीनाक्याला. नुसतं बघून काय कळतं? अनिरुद्धला म्हटलं, चालवून बघणार. तो म्हणाला, गाळ्यासमोर फरशीवर बघा. म्हटलं, माझा भाऊ फरशीवर धंदा करणार नाही, रेतीत करणार. गाळ्याच्या मागे बांधकामाच्या सामानाचं आवार आहे, तिथे रेतीचे ढीग. मालकाला विचारलं, तो म्हणाला, "चालवा की मावशी, पसरली तर तुम्हीच गोळा करा."

आधी लाल घेतली. आता ऐक, तुमच्यातल्या कोणालाही हे होणार नाही, फक्त आमच्या लाइनीतल्या माणसाला होईल. रिक्षाला उजवी मूठ पिळली की गाडी पळते. डाव्या मुठीत क्लच आणि गियर. हाताला दुसरं काही माहीतच नाही. क्वाडला मूठ पिळायचीच नाही, अंगठ्याने एक खुंटी दाबायची. मी पिळतेय, पिळतेय, गाडी ढिम्म. अनिरुद्ध ओरडतोय, "काकी, अंगठा! अंगठा!" मी म्हटलं, "कोणाला दाखवू?" आवारातले हमाल हसायला लागले. मग अंगठा जोरात दाबला गेला आणि डाव्या हाताने गियर शोधायला गेले तिथे ब्रेक. पत्र्याच्या कुंपणाला गाडी थोडी घासली. गाडीला काही झालं नाही. अक्षर वाकडं दिसत असेल, तर कागद गुडघ्यावर घेऊन लिहितेय म्हणून.

पण लालचं खरं रूप रेतीत कळलं. ढिगाच्या पायथ्याशी नेली, अंगठा दिला, मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि रुतली. जड गाडी, ताकद भरपूर, पण ती सगळी खड्डा खणण्यात गेली. चार हमालांनी उचलून काढली. हिरवी नेली. रडत रडत गेली, बैलासारखी मान खाली घालून, पण थांबली नाही. ढिगाला वळसा मारून बाहेर. दोनदा नेली, दोनदा आली.

अनिरुद्धचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणाला, "काकी, लाल जास्त खपते." म्हटलं, "खपत असेल. माझ्या भावाची रुतता कामा नये."

तेव्हा गाडीचा निकाल लागला. आता दुसरं.

तुला कौलच लावायचा असेल ना, तर खरा लाव. गुरवाला बोलाव, गाऱ्हाणं घाल, आणि नीट तोंडाने विचार: माझी पोर ही गाडी चालवील, तिला चालवू देऊ का? तू देवाला रंग विचारलास. पोरीचं विचारलं नाहीस. का? कारण उजवी पडली, म्हणजे देव हो म्हणाला, तर ऐकावं लागेल. मी तुला लहानपणापासून ओळखते. आई ओरडेल असं वाटलं की तू आईला विचारायचासच नाहीस, परस्पर करून मोकळा व्हायचास.

विचार एकदा. डावी पडली तर मी तोंड मिटते. शब्द देते.

ताई


विक्रोळी
२८ नोव्हेंबर

धाकू,

काल तुझा फोन आला तेव्हा मी घाटकोपरला पुलाखाली अडकले होते, मागे एक म्हातारी आणि तिची सून, दोघींचं भांडण चालू. नाव दिसलं तर आधी वाटलं कोणाचंतरी काहीतरी झालं. नाहीतर तू कशाला करतोस?

"ताई."

"बोल. कोण गेलं?"

"कोण नाय गो. पाकळी पडाक नाय."

मला कळेना. मागून सून म्हणतेय, "मावशी, डावीकडून घ्या ना!" मी तिला म्हटलं, गप बसा दोन मिनिटं. तुला म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे खयचीच पडली नाय. उजवी नाय, डावी नाय. गुरव म्हणता, देव बोलना नाय. आता काय करू, तूच सांग."

आणि मी म्हटलं, "हिरवी घे." आणि मागचे हॉर्न मारायला लागले म्हणून फोन ठेवला.

रात्री अस्मिताने सगळं सांगितलं तेव्हा मला कळलं तू काय विचारत होतास. ती म्हणाली, तू कोणाला न सांगता सकाळी देवळात गेलास, ती मागून आली आणि खांबापाशी उभी राहिली. तू गाऱ्हाणं घातलंस, पूर्ण, मी लिहिलं होतं तसंच, तिचं नाव घेऊन. गुरवाने पाकळ्या लावल्या. तुम्ही बसलात. लोक येऊन घंटा वाजवून गेले. पाकळ्या तशाच. गुरवाचा चहा आला आणि गार झाला. तुझे गुडघे दुखत होते तरी तू उठेनास. शेवटी गुरव म्हणाला, "धाकू, घरच्या गोष्टी घरात ठरव. त्याका किती वेळ धरून ठेवशीत?" आणि तू म्हणालास, "माका ठरवूक येत नाय म्हणान तर इलंय."

अस्मिता हे सांगताना हसत होती, पण हसू वेगळं होतं.

तर ऐक. माझं कालचं उत्तर गाडीचं होतं, आणि तू विचारलंस पोरीचं. ते उत्तर मी देणार नाही. देवाने दिलं नाही, मी कशाला देऊ? तू त्याला विचारलंस, मला विचारलंस, सिद्धेशच्या बापाला नक्की विचारलं असशील. जी खांबापाशी उभी होती तिला विचारलंस का? सगळ्यांना ठाऊक, ती चालवायला तयार आहे. पण तू बाप म्हणून तिच्यासमोर बसून, "काय गो, तुका काय होया?" असं एकदा तरी म्हणालास? मला खात्री आहे, नाही. आपल्या घरात ही पद्धतच नाही. मलाही कोणी विचारलं नव्हतं, ना लग्नाचं, ना मुंबईचं.

तिला विचार. ती बोलेल ते शेवटपर्यंत ऐक, मध्येच बैल पाणी प्यायला न्यायचा बहाणा करून उठू नकोस. बैल आता नाहीत हे मला माहीत आहे. तू काहीतरी दुसरं काढशील.

हाताला पट्टा आहे, हे कुंडलिकने तुला सांगितलं असं कळलं. चुगलखोर. मनगट मुरगळलंय, मोडलं नाही. आठ दिवस रिक्षा शेजारच्या रतनने चालवली, काल मी परत घेतली. तू कुंडलिकला "ताईच्या हाताक काय झाला" असं दोनदा विचारलंस म्हणे. मलाच विचारायचंस.

ताई


विक्रोळी
५ डिसेंबर

धाकू,

काय चाललंय तुमच्या घरात? आठ वर्षं माझं एक ऐकलं नाहीस आणि आता ऐकायला लागलास तर नको तिथे!

अस्मिता मला फोनवर ओरडली. मला! मी तिची बाजू घेऊन एवढी पत्रं लिहिली, हात मुरगळून घेतला, आणि ती म्हणते, "आत्या, तू कशाला सांगितलंस बाबांना हिरवी? आता ते ऐकतच नाहीत."

मी म्हटलं, "म्हणजे गाडी तुला देत नाही?"

"देतात! किल्ली माझ्याकडेच राहणार, असं बाबा सिद्धेशच्या बापाला तोंडावर सांगून आले. मला समोर बसवून विचारलं, काय होया तुका. मी म्हटलं, मला चालवायची आहे, आणि लाल हवी आहे. चालवायला हो म्हणाले. आणि लालला म्हणतात, ताई सांगता ती हिरवी, आता ईषय बंद."

धाकू, मला क्षणभर इतकं बरं वाटलं की मी रिक्षा बाजूला घेतली. ताई सांगता ती हिरवी. परत एकदा म्हणायला लावलं तिला.

मग मी तिलाच झापायला घेतलं. म्हटलं, "अगं, लाल रुतते, मी स्वतः बघितलं. चार माणसं लागली काढायला."

"कुठे रुतली?"

"रेतीत!"

"कुठल्या रेतीत आत्या? बांधकामाच्या?"

"रेती ती रेती."

"आत्या, कोरड्या रेतीत कोण चालवतं? आम्ही पाण्याच्या कडेने चालवणार, ओल्या पट्ट्यावर. ओहोटी लागली की तिथे सायकल चालते. तू विसरलीस?"

ती पुढे बडबडत होती. म्हणत होती, तुला पॅसेंजर हात करतो, तू थांबतेस, रिक्षाचा रंग कोण बघतं? आमच्याकडे किनाऱ्यावर दहा जणांच्या गाड्या ओळीने उभ्या असणार, लहान पोर बापाचा हात सोडून जिच्याकडे धावेल तिचा धंदा. पोर हिरवीकडे धावत नाही. आणि रिमोटला मी खेळणं म्हटलं, तर म्हणाली, स्वतः चालवायला मागणारे पर्यटक अर्धे समुद्रात घालतात गाडी, मी किनाऱ्यावर उभी राहून बटण दाबीन आणि इंजिन बंद. हिरवीला ते नाही, तिच्यामागे मला पळावं लागेल. चेन उघडी आहे तर मी पत्रा कापून झाकण बसवीन, रोज गोड्या पाण्याने धुवीन. बॅटरीचं मात्र तू बरोबर बोललीस, एक जास्तीची ठेवीन.

सगळं खरं.

पण माझं डोकं त्या ओल्या पट्ट्यावरच अडकलं. आपण त्याच्यावरून शाळेत जायचो रे. वरच्या वाटेने काटे, म्हणून ओहोटी बघून खालून. टाच टेकली तरी खळगा पडायचा नाही. मी त्या किनाऱ्यावर जन्मले, आणि आता रेती म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय आलं, तर साकीनाक्याच्या बिल्डरची! ही विक्रोळी माणसाचं काय काय घेते ते घेतल्यावरच कळतं.

असो. तेव्हा लाल घे. मी हिरवी म्हटलं म्हणून हट्टाला पेटू नकोस. हो, देवाने आधीच लाल सांगितली होती, मला माहीत आहे. कुंडलिककडून त्याबद्दल एकही निरोप नको. देवाने ओहोटीचा विचार करून सांगितलं नव्हतं. अस्मिताने केला.

मी आज जाऊन अनिरुद्धला सांगितलं, लाल बांध. तो म्हणाला, "काकी, तुम्हीच तर तिला शिव्या घातल्या होत्या." म्हटलं, "माझ्या भाचीला आवडली, तू बिल कर." बिलावर नाव अस्मिताचं लावलंय. तुझं नाही, माझं नाही. टेम्पो बुधवारी निघेल. गाडी उतरवताना पुढून उचलू नका, मागून फळी लावा. आणि पहिल्या दिवशी तिला एकटीला चालवू दे, मधे पडू नकोस. ती पडली तर उठेल. मूठ पिळायची नाही, अंगठा दाबायचा, एवढंच तिला सांग. किंवा नको, ते तिला माझ्यापेक्षा आधी कळलं असेल.

आता एक माझं काम. मलाही यायचंय बघायला. तिच्या गाडीवर बसून त्या पट्ट्यावरून शाळेच्या टोकापर्यंत जायचंय. तिने बाकी गिऱ्हाइकांना घेतलं तसं मलाही पैसे घेऊन घे म्हणावं, फुकट नको. पण ओहोटी हल्ली सकाळी कधी लागते ते मला आता सांगता येत नाही. पूर्वी झोपेतून उठून सांगायचे. कुठल्या दिवशी येऊ ते तू बघून सांग.

पत्राने नको. फोन कर. भांडणाऱ्या सासू-सुना मागे बसल्या असल्या तरी उचलीन.

तुझी,
ताई